खालच्या फळीवर, डावीकडून तिसरं

"खंडारे मॅडम, ती कमेंट उडवून टाका," प्राचार्य राजूरकर म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

मी मोबाइल हातात घेतला, उगाच स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "सर, इथं रेंज नाही."

खोटं नव्हतं. त्यांच्या केबिनमध्ये रेंज कधीच नसायची. त्यांना स्वतःला फोन आला की ते बाहेर सायकल स्टँडपाशी जाऊन बोलत. पण रेंज असती तरी मी ती कमेंट काढली असती असं मला वाटत नाही. मला कुणी 'आत्ता' म्हटलं की माझे हात जड होतात. आईनं हा स्वभाव घालवायचा पुष्कळ प्रयत्न केला, शेवटी तिनंच हात टेकले.

"मग ग्रंथालयात जाऊन काढा. पुढच्या आठवड्यात नॅकची समिती येऊन राहिली आहे. आपलं फेसबुक पान त्यांना आपणच दाखवणार. आणि तिथं काय दिसेल? संस्थापकांच्या कपाटाच्या फोटोखाली कोणीतरी भांडण काढून बसलेला."

"भांडण नाही सर, त्यानं फक्त एवढंच लिहिलंय की..."

"मॅडम, तुमचं मुदतवाढीचं पत्र माझ्या टेबलावर आहे," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "मला त्याच्यावर सही करायचीच आहे."

मी बाहेर आले. राग आला होता आणि भीतीही वाटत होती. ती नोकरी मला हवी होती. आधीच्या दोन ठिकाणी मी माझ्या तोंडामुळेच टिकले नव्हते.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या जुन्या सायन्स कॉलेजात मी तेव्हा कंत्राटी सहायक ग्रंथपाल होते. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या कागदांत एक रकाना होता, ग्रंथालयानं वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी काय काय केलं याचा. त्यात भरायला आमच्याकडे काहीच नव्हतं. म्हणून प्राचार्यांनी मला फेसबुकवर ग्रंथालयाचं पान उघडायला लावलं.

ग्रंथपाल बाबाराव निंभोरकर सरांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त व्हायचे होते. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, टेबलावर एक कागद वाकडा नाही. "मॅडम," ते म्हणाले होते, "तहानलेला विहिरीकडे जाते. विहीर तहानलेल्याकडे जाते का?"

"नळ जातो सर, घरोघर," मी म्हणाले होते. त्यावर त्यांनी मला दिवसभर रबरी शिक्के पुसायला बसवलं.

आमच्याकडे मुलांना पुस्तकांच्या कपाटांपर्यंत जाऊ देत नसत. खिडकीत चिठ्ठी द्यायची, मग शालिक नावाचा आमचा शिपाई आत जाऊन पुस्तक आणायचा. मागितलेलं नसलं तर हाताला लागेल ते आणायचा. तीन वर्षं शिकून मुलं पदवी घेऊन जात, पण आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलंच नसे. म्हणून मी रोज एका कपाटाचा फोटो काढून पानावर टाकायला लागले. पुस्तकांच्या पाठी नीट वाचता येतील असा. पहिल्या दिवशी दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्याच मावसभावाचा. पण महिन्याभरात मुलं फोटो मोठे करून पाहायला लागली आणि खिडकीशी येऊन सांगायला लागली, "मॅडम, ते लठ्ठ हिरवं पुस्तक आहे नं, त्याच्या बाजूचं बारीकवालं द्या." सर कुरकुरले. पण खिडकीशी रांग पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, तेव्हा त्यांना बरं वाटलंय एवढं मला कळलं.

मग प्राचार्य म्हणाले की संस्थापक आबासाहेबांच्या कपाटाचाही फोटो टाका, विश्वस्तांना आवडेल.

हे काचेचं कपाट ग्रंथालयात असूनही ग्रंथालयाचं नव्हतं. आबासाहेब गेले तेव्हा घरच्यांनी त्यांची पुस्तकं ट्रस्टला दिली. चामडी बांधणीचे कायद्याचे ग्रंथ, सोनेरी अक्षरं. किल्ली प्राचार्यांकडे. वर्षातून एकदा, पुण्यतिथीला, ते उघडायचं. वरच्या फळीवरचे ग्रंथ टेबलावर मांडायचे, निंभोरकर सरांनी त्यांना हळदकुंकू वाहायचं, अध्यक्षांनी भाषण करायचं आणि मग सगळे ग्रंथ उचलून परत आत ठेवून कुलूप घालायचं. वाचायला ते कुणी मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दरवर्षी ग्रंथालयातल्या पुस्तकांची मोजणी व्हायची, त्यातही हे कपाट धरत नसत.

त्या फोटोखाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले. आणि त्यांच्या खाली ही कमेंट होती:

'खालच्या फळीवर, डावीकडून तिसरं, खाकी कव्हरचं पुस्तक पाहावे. ते आबासाहेबांचे नाही. ते कॉलेजचे आहे आणि ते मी परत केले होते. गुणवंत तुळशीराम इंगोले, बी.एस्सी. द्वितीय वर्ष.'

नावाशेजारच्या फोटोतला माणूस चाळिशीकडे झुकलेला होता. टक्कल पडायला लागलेलं. आणि नावापुढे अजून द्वितीय वर्ष.

नाव मी पुन्हा वाचलं, कारण ही गोष्ट मी सरांच्या तोंडून ऐकली होती. मीच काय, सगळ्या गावानं ऐकली होती. दर जूनमध्ये नव्या मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देताना सर ती सांगत. "माझ्या काळात या ग्रंथालयातून एकच पुस्तक गेलं. आणि नेणारा मुलगा कोणाचा होता? ज्या माणसाच्या हातून या गावातलं एक पोस्टकार्ड कधी हरवलं नाही, त्याचा. म्हणून सांगतो, बापाचा चांगुलपणा पोराला आपोआप भेटत नाही." नाव ते कधीच घेत नसत. पण गावात पोस्टमन म्हटलं की एकच माणूस होता, तुळशीराम इंगोले. आणि त्याला मुलगाही एकच होता.

प्राचार्यांच्या केबिनमधून मी सरळ मासिकांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि गुणवंत इंगोलेच्या पानावर दिलेल्या नंबरवर फोन लावला. अकोल्यात त्याचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं, रिवाइंडिंगचं दुकान होतं.

"थांबा मॅडम, मशीन बंद करतो." मागची घरघर थांबली. "बोला. उडवली का कमेंट?"

"अजून नाही."

"उडवा म्हणले असतीन नं?"

"म्हणाले."

तो हसला. "मले वाटलंच."

"खाकी कव्हर कुणाच्याही पुस्तकाला असू शकतं," मी म्हणाले. "तुम्ही इतकं खात्रीनं कसं सांगता?"

"फोटो मोठा करून पाहा मॅडम. पाठीवर लाखेचा डाग हाय. बाबा पोस्टात होते नं. फाटक्या पार्सलाचा कागद पोस्टमास्तराले विचारून घरी आणत अन् माह्या सगळ्या पुस्तकाइले कव्हर घालत. त्या कागदावर लाख सांडेल होती. म्या म्हणलं, बाबा, हे वाईट दिसते. तर म्हणे, राहू दे, हे रजिस्टर केलेलं पुस्तक झालं, आता हे हरवत नाई."

मी खुर्ची ओढून बसले.

"परत द्याले गेलो तर पुण्यतिथीचा कार्यक्रम चालू होता," तो सांगू लागला. "खिडकी बंद. सर टेबलापाशी उभे. म्या म्हणलं, सर, उद्या मी मामाच्या गावाले चाललो, पुस्तक घेऊन घ्या. सर म्हणे, आण इकडे, कार्डावर उद्या चढवतो. मी सराच्या हातात देल्लं अन् निघून आलो. परीक्षा झाल्यावर नो ड्यूज मागाले गेलो, तर पुस्तक माह्या नावावर तसंच."

"मग?"

"बाबा म्हणे, किंमत भरून दे अन् मोकळा हो. म्या म्हणलं, किंमत भरली म्हणजे चोरी कबूल केली. नाई भरली. कागद भेटले नाई. कॉलेज सुटलं."

"तुमच्या बाबांनी तुमच्यावर विश्वास नाही ठेवला?"

 दुकानात कुणीतरी काहीतरी मागत होतं, त्याला त्यानं थांब म्हटलं.

"सराच्या टेबलावर बाबा रोज टपाल ठेवत मॅडम. सर एक कागद इकडचा तिकडे होऊ देत नाई हे त्यायनं डोळ्यानं पाहेल होतं. मी तर अठरा-एकोणीस वर्षाचा पोट्टा. कोणाचं खरं धरतीन? मले म्हणले, मी जिंदगीभर लोकाइचं पोचवलं, अन् तुह्या हातून एक पुस्तक पोचलं नाई. मग त्यायनं कॉलेजकडची टपालाची बीट बदलून घेतली. तिकून जाणंच बंद केलं. माह्याशी बोलतात, पण कामापुरतं. जेवला का, लाइटचं बिल भरलं का. माय होती तोवर तिच्या मार्फत चाले."

"आता तुम्हाला काय हवंय? कॉलेजचं पत्र हवंय का?"

"पत्र घेऊन काय करू, मोटरीले चिकटवू?" तो म्हणाला. "बाबाइले सराच्या तोंडून समजलं पायजे. बस. बाबा आता लय थकले मॅडम. त्यायच्या कानावर गेलं पायजे, तेवढ्यासाठी लिहिलं."

फोन ठेवला तेव्हा मला निंभोरकर सरांचा इतका राग आला होता की तशीच जाऊन काहीतरी बोलले असते. पण ते नव्या मासिकांवर शिक्के मारत बसले होते, प्रत्येक शिक्का पानाच्या बरोबर त्याच कोपऱ्यात, आणि ते पाहून माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मी सगळं सांगितलं. कमेंट, फोन, लाख, पुण्यतिथी.

"इंगोलेचा पोरगा?" सर म्हणाले. "अजून तेच?" शिक्का खाली ठेवला. "म्हणून म्हणत होतो तुमचं ते फेसबुक नको. तिथं कोणीही काहीही लिहिते."

मी संगणकावर फोटो मोठा करून दाखवला. खालच्या फळीवर सोनेरी अक्षरांच्या रांगेत एक बुटकं खाकी पुस्तक, आणि त्याच्या पाठीवर तांबडा डाग. सरांनी चष्मा काढला, घातला.

"काचेवर उजेड पडला असेल."

"सर, कपाट उघडून पाहू."

"ते ट्रस्टचं आहे. आपल्या अखत्यारीत नाही."

"पुस्तक आपल्या अखत्यारीतलं असेल तर?"

यावर मला पुन्हा रबरी शिक्के पुसावे लागतील असं वाटलं. पण सर बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले, मग उठले आणि बाहेर निघाले. कामाच्या वेळेत सर ग्रंथालय सोडून गेलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. परत आले तेव्हा किल्ली त्यांच्या मुठीत होती आणि मागून प्राचार्य राजूरकर जवळजवळ धावत येत होते.

"निंभोरकर सर, समिती येऊन जाऊ द्या, मग शांतपणे पाहू म्हणतो मी," ते म्हणत होते. सरांनी कुलूप काढलंसुद्धा.

आतून डांबरगोळ्यांचा वास आला. सरांच्या गुडघ्यांना त्रास होता, तरी ते कपाटाला धरून खाली बसले आणि डावीकडून तिसरं पुस्तक ओढून काढलं. विद्युतशास्त्राचं होतं, द्वितीय वर्षाचं. आत आमच्याच ग्रंथालयाचा शिक्का, पानाच्या बरोबर कोपऱ्यात. खाकी कव्हरवर, अगदी मधोमध, हळदीचं एक बोट होतं आणि त्याच्याखाली कुंकवाचं. कुंकू उडून फिकं गुलाबी झालेलं, पण होतं.

वरच्या फळीवरच्या सगळ्या ग्रंथांवर तसंच बोट होतं. वर हळद, खाली कुंकू. पुण्यतिथीला टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकाला सर ते स्वतः लावत. दुसऱ्या कुणाला लावू देत नसत, कारण लोक चामड्यावर कुंकू सांडतात. त्या दिवशी मुलाच्या हातून घेतलेलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं असणार, ते ग्रंथांच्या रांगेत गेलं असणार, आणि पूजा करता करता त्यांनी त्यालाही हळदकुंकू लावलं असणार. मग सगळ्यांबरोबर तेही आत गेलं, वर जागा उरली नसेल म्हणून खालच्या फळीवर. तिथं पुन्हा कुणी हात घातला नाही.

सर खालीच बसून होते. पुस्तकावरच्या त्या खुणेवर त्यांनी स्वतःचं बोट ठेवून पाहिलं.

"हे माझं बोट आहे," ते म्हणाले.

प्राचार्य तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना हात देऊन उठवलं, खुर्चीवर बसवलं, शालिककडून पाणी मागवलं. मग म्हणाले, "सापडलं नं? चांगलं झालं. नोंद करून घ्या. ती कमेंट काढू, त्या गृहस्थाला मी स्वतः फोन करतो. सर, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. आता या वयात स्वतःच्या तोंडाला काळं कशाला फासून घेता?"

"दर जूनमध्ये मी त्याच्या तोंडाला फासत आलो," सर म्हणाले.

"नाव तर तुम्ही कधी घेतलं नाही."

"घ्यायची गरजच नव्हती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं ते पान उघडा. मी सांगतो ते लिहा."

मी बसले. प्राचार्य दारात उभे होते. "खंडारे मॅडम," ते म्हणाले, "विचार करून करा." मला मुदतवाढीचं पत्र दिसलं, त्यावरची सहीची रिकामी जागाही दिसली. मी विचार केला, आणि मराठी टायपिंग चालू केलं.

सर उभे राहून सांगत होते, कार्यालयीन पत्र सांगावं तसं. 'या ग्रंथालयाचे वाचक श्री. गुणवंत तुळशीराम इंगोले यांनी विद्युतशास्त्राचे पुस्तक मुदतीत परत केले होते. ते मी स्वतः घेतले होते. त्याची नोंद...' ते थांबले.

"करायची राहून गेली," मी सुचवलं.

"राहून गेली नाही. 'मी केली नाही' लिहा."

मी लिहिलं. 'त्याची नोंद मी केली नाही. त्यांच्याविषयी मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना जे सांगत आलो ते चूक आहे. ज्यांनी ते ऐकले त्यांनी हेही ऐकावे. बाबाराव निंभोरकर, ग्रंथपाल.' मग सरांनी ते पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं, कुंकू दिसेल असं, आणि मला फोटो काढायला लावला.

मी बटण दाबलं तेव्हा प्राचार्य निघून गेले होते. पत्राचं सांगून टाकते. मुदतवाढ मला मिळाली, पण इतकी उशिरा, की तोवर मी दुसरीकडे अर्ज करून मोकळी झाले होते.

दुपारपर्यंत पानावर जत्रा जमली. त्या वेळचे वर्गमित्र आले. पुण्यातून, सुरतेहून, कुठून कुठून. कुणी लिहिलं, 'गुणवंता, तेव्हा आम्हीही हसलो होतो, माफ कर.' कुणी सरांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं. ते मी सरांना वाचून दाखवलं तर ते चिडले. "ते सोडा. त्याचं काय आलं?" खिडकीवर पुस्तक देता देता ते मधेच माझ्या टेबलाशी येत आणि तेच विचारत.

शेवटी त्याचं आलं. 'सर, वाचले. मनापासून आभार. पण बाबा फेसबुक पाहत नाहीत.'

सरांनी ते माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं. सकाळपासून धाडसाचं काहीतरी पार पाडलं असं मला वाटत होतं. ते एकदम ओसरलं. शेकडो लोकांना कळलं होतं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे बसला होता.

"तुळशीरामचं घर अजून तिथंच आहे का, जुन्या पोस्टामागं?" सरांनी विचारलं.

"हो सर, तिथंच."

"पोराला म्हणा, ये. तो आल्यावर जाऊ." गुणवंत गावाजवळ आल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी खाकी पुस्तक पिशवीत ठेवलं, काढलं आणि हातातच धरलं. "शालिक, खिडकी सांभाळ."

मला गप्प राहायला हवं होतं. "सर," मी म्हणाले, "विहीर निघाली म्हणायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चला," एवढंच म्हणाले.

ऊन उतरल्यावर आम्ही पोहोचलो. गुणवंत मोटरसायकलवरून अकोल्याहून येऊन घराच्या कोपऱ्यावर थांबला होता. बोटांवर वार्निशचे डाग, हात धुतले असावेत पण निघाले नव्हते. तो सरांच्या पाया पडायला वाकला तर सर मागं सरकले. "नको," म्हणाले. "आज नको."

तुळशीराम इंगोले ओसरीत खाटेवर बसले होते. अगदी वाळून गेलेले. भिंतीशी त्यांची टपालाची सायकल उभी होती, हवा भरलेली, चाकाच्या तारा पुसलेल्या. सरांना पाहून ते उठायची धडपड करायला लागले.

"सर? तुमी कायले आले? मले निरोप धाडला असता तं मी आलो असतो."

"बसा तुळशीरामभाऊ. आज मलाच यायचं होतं."

सर खाटेसमोरच्या खुर्चीवर बसले. मी ओसरीच्या पायरीवर. गुणवंत दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, आतही नाही आणि बाहेरही नाही. बापानं त्याच्याकडे पाहून फक्त मान हलवली होती.

सरांनी पुस्तक दोन्ही हातांनी पुढं केलं. म्हाताऱ्यानं ते घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून डोळ्याजवळ नेलं, मग मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला. अंगठा पाठीवर गेला आणि लाखेवर थांबला. मग त्यांनी आतली बाजू उघडून कागद कसा दुमडलाय ते चाचपून पाहिलं.

"हे माह्या हातचं कव्हर हाय," ते म्हणाले. "कोपरा असा मीच मोडतो."

"हो."

 मग हळूच, जणू उत्तराची भीती वाटत असल्यासारखं विचारलं, "कोणाच्या घरी सापडलं?"

चौकटीवरची गुणवंतची बोटं आवळली गेली. त्या क्षणी मला रडू आलं, आणि मी सायकलकडे पाहत राहिले.

"कोणाच्याच नाही," निंभोरकर सर म्हणाले. "माझ्याचकडं होतं. आबासाहेबांच्या कपाटात. तुमच्या पोरानं माझ्या हातात दिलं होतं, आणि मी त्याला कुलूप लावलं. तो खरं सांगत होता. मी चुकलो." ते खुर्चीतून पुढं वाकले. "त्यानं पोचवलं होतं, तुळशीरामभाऊ. त्याच दिवशी."

म्हातारा पुस्तकावरच्या कुंकवाकडे पाहत होता, की दिसत नव्हतं त्याला, कुणास ठाऊक. समोरच्या घरात कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. सर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. शिक्षा ऐकायला आलेल्या माणसानं बसावं तसे.

"गुणवंता," शेवटी म्हातारा सवयीनं म्हणाला, "सराइले पाणी आण."

गुणवंत आत जायला वळला.

"थांब."

तो थांबला.

"तू नको. तू बस." त्यांनी खाटेवर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. "इथं बस."

गुणवंत आला आणि काठावर बसला. इतक्या काठावर की खाट कलली. तुळशीराम भिंतीला धरून उठले. मी मदतीला उठू लागले तर सरांनी डोळ्यांनीच मला बसवलं. आत माठावरची झाकणी सरकली, पेला खणखणला, बराच वेळ गेला. ते बाहेर आले तेव्हा हातात पाण्याचे दोन पेले होते आणि दोन्हीतलं पाणी सदऱ्यावर सांडत होतं.

घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं असतं. ते सरांच्या खुर्चीवरून पुढं गेले आणि पहिला पेला त्यांनी मुलापुढं धरला.

गुणवंतनं सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली होती.

"घे," बाप म्हणाला. "लय लांबून आला तू."

त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला, पण त्याला पिता येईना. म्हातारा दुसरा पेला हातात तसाच धरून तो पिईपर्यंत समोर उभा राहिला, आणि निंभोरकर सर आपल्या पाण्याची वाट पाहत बसले.